स्वयंपाकघरातून ऐकू येईल अशी खोली

नाना, तुमच्यासाठी बांधलेली खोली काल दुपारी मी पोरांना अभ्यासाला देऊन टाकली. किल्ली दिली, दिवा कुठून लावायचा ते दाखवलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला ती खोली ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होते, आणि ती इमारत कागदावर यायलाही अजून सहा-सात वर्षं होती. पण ती बांधत असताना तुम्ही रोज साइटवर असायचात. बँडचा लाल कोट खांद्यावर टाकलेला, क्लॅरिनेटची काळी पेटी मांडीवर, आणि विटांच्या थप्पीवर बसून तुम्ही गवंड्यांचे हात बघताय, असं मला दिवसाढवळ्या दिसायचं. मुकादम विचारायचा, "मॅडम, कुठं बघताय?" मी म्हणायचे, "ओळंबा बघतेय." मग तो बिचारा पुन्हा एकदा ओळंबा लावून बघायचा.

इमारत पंचवटीच्या पुढे, मखमलाबाद नाक्याकडे जाताना लागते. एका संस्थेची जागा तिथे पडून होती, आणि शहरातल्या कलावंतांना परवडतील अशी घरं बांधावीत असं त्या लोकांच्या मनात आलं. वर राहायचं, खाली काम करायचं, रस्त्याच्या अंगाला दुकानं, म्हणजे ज्यानं त्यानं आपली वस्तू आपल्याच दारात मांडावी. चोवीस घरं. शाडूचे मूर्तिकार, फ्लेक्सच्या मशिनने ज्यांचं काम नेलं ते पाट्या रंगवणारे पेंटर, नाटकाचे पडदे करणारी एक बाई, पेठ तालुक्याकडून आलेले आणि बोहाड्यातल्या सोंगांचे मुखवटे करणारे एक आजोबा, ढोलकीवाले, आणि बँडमध्ये तुमच्या डाव्या हाताला उभे राहायचे ते किडकिडीत काका, तुमचे जोडीदार क्लॅरिनेटवाले. ही फाइल ऑफिसात आली तेव्हा आमच्या थोरल्या सरांनी ती सरळ माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "तू बँडवाल्यांची मुलगी ना? मग हे तूच कर." शाळेत कुणी असं म्हटलं असतं तर मी मान खाली घातली असती. त्या दिवशी फाइल छातीशी धरून जागेवर गेले.

भद्रकालीमागच्या आपल्या दोन खोल्या अजून माझ्या स्वप्नात येतात, आणि स्वप्नात तिथे नेहमी सकाळच असते. खाली घरमालकीणबाई, वर आपण आणि शेजारच्या शिंपीणकाकू. आधी पुढची खोली, मग हातभर रुंदीचा बोळ, मग स्वयंपाकघर. सात वाजायचे आहेत. तुम्ही बोळात स्टुलावर बसला आहात आणि क्लॅरिनेटच्या तोंडाची रीड जिभेवर ओली करताय. आत आई पोळ्या लाटतेय. तुम्ही वाजवायला लागता. वरातीतली गाणी नाहीत, ती तर तुम्हाला झोपेतही वाजवता आली असती. सकाळी तुम्ही नुसते लांब लांब सूर लावता, आणि मन लागलं तर भूप. तो आवाज बोळात भरतो, स्वयंपाकघरातल्या धुरात मिसळतो, आणि मला वाटतं की आपल्या घराला छप्पर नाहीच, वर नुसता तोच आवाज आहे. मग एखादा सूर केसभर खाली जातो आणि आतून पोळपाटावर लाटणं एकदा आपटतं. ठक. तुम्ही थांबता, तोच सूर पुन्हा लावता, आणि आतून काही आलं नाही की पुढे जाता.

आईला सा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. तुम्ही चिडवायचात, "तुला काय कळतं गं त्यातलं?" ती म्हणायची, "कळत काहीच नाय. कानाला खुपलं." "मी कधी बोलतो का, पोळी करपली म्हणून?" "बोला की! मी काय ऐकून घेणार नाय?" आणि तुम्ही करपलेली पोळी निमूट खायचात, पुन्हा वर हसायचात. हे इतकं रोजचं होतं की, सगळ्यांच्याच घरी असं असतं, बाप वाजवतो आणि आई लाटण्याने तपासते, असं मी किती तरी वर्षं धरून चालले होते.

पावसाळ्यात लग्नं नसत, तेव्हा तुम्ही विंचूरला आपल्या गावाकडच्या माणसांकडे कांदा निवडायला जायचात. एका श्रावणात मला बरोबर नेलंत. कांद्याच्या चाळीत आपण बसलो होतो. लांबच लांब, अरुंद, जमिनीपासून गुडघाभर उचललेली चाळ, बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, आणि पट्ट्यांच्या फटींतून आडवा येणारा उजेड. बाहेर भुरभुर चालू होती पण आत सगळं कोरडं. तुम्ही माझा हात धरून खालच्या फटीपाशी नेलात. गार वारा लागला. "कांद्याला खालनं वारा पाहिजे," तुम्ही म्हणालात. "वरनं कितीबी पंखा लाव, सडायचा तो सडतोच. पण ही चाळ बघ, हितं काय मशीन नाय, काय नाय. आपली आपण श्वास घेते." मी विचारलं, "आणि माणसाला?" तुम्ही हातातला कांदा फिरवून बघितलात. "माणसाला बी तेच की. फकस्त माणूस सांगत नाय." मग तुम्ही कांदे निवडत राहिलात आणि मी फटींतून येणारा उजेड हातावर घेत बसले.

आणि मग माझ्या बारावीचं वर्ष. जानेवारी संपत आला होता, लग्नांचे दिवस, तुमचा सराव वाढला होता. एका सकाळी मालकीणबाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता, कुणीतरी पहाटे त्यांच्या दाराखालून आत सरकवलेला. "मला मेलीला काही त्रास नाही हो," त्या म्हणाल्या, "पण कुणाला तरी होतोय. आता तुम्हीच वाचा." तुम्ही वाचलंत. सकाळच्या पिपाणीचा सर्वांना त्रास होतो, ती बंद करावी. खाली सही नव्हती. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात, घडी केलीत आणि म्हणालात, "बरं." थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही असं, पुन्हा म्हणालात, "पिपाणी म्हणतात व्हय." आई मात्र भडकली होती. तिने शिंपीणकाकूंवर संशय घेतला, कारण त्यांचं पोर तेव्हा तान्हं होतं. त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. विरजणाची वाटी जायची-यायची ती थांबली. काकू रडून सांगत होत्या, "वहिनी, देवाशपथ आम्ही नाही." आईने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सायकलला पेटी बांधून नदीपलीकडे जायला लागलात, मखमलाबादच्या वाटेवर तुमच्या ओळखीच्या माळ्याच्या मळ्यात. तिथे झेंडूच्या ओळींमध्ये बसून तुम्ही वाजवायचात. माळीणबाई आईला बाजारात भेटायच्या तेव्हा सांगायच्या, "तुमच्या मालकांमुळं आमचा झेंडू लय फुललाय." आई हसायची नाही. ती म्हणाली होती, "माझ्या कानावरून गेल्याशिवाय यांचा सूर बसत नाही." आणि तसंच झालं. झेंडूला काय कळणार सूर उतरल्याचं? पुढच्या वर्षी बँडच्या मास्तरांनी तुम्हाला पुढच्या रांगेतून मागे घेतलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही कोट परत करून सातपूरला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागलात. पेटी घरच्या पोटमाळ्यावर गेली. तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत. बाकीचे म्हणायचे, बरं झालं, बारमाही नोकरी लागली. मीही म्हणायचे.

तरी त्याच वर्षांत तुम्ही मला नकाशे काढायची ती मोठी पट्टी, टी-स्क्वेअर, आणून दिलीत. मला प्रवेश मिळाला होता, यादीत पहिलीच वस्तू ती होती, आणि तुम्ही ती कागदात न गुंडाळता, उभी धरून, आख्ख्या मेन रोडवरून चालत आणलीत, मिरवणुकीत निशाण धरावं तशी. वाटेत कुणीतरी हाक मारली, "काय नाना, नवीन बाजा काय?" तुम्ही म्हणालात, "पोरीचा हाय. वाजवणार ती, मी नुसता वाहतोय." घरी आल्यावर हे तुम्ही आईला तीनदा सांगितलंत. मग मला म्हणालात, "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. लग्नं मी लय पाहिली. आता घरं तू पाहा." त्या टी-स्क्वेअरच्या एका कडेला खाच पडलीय, पण मी अजून टाकलेली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी घराचा नकाशा काढला, माझा पहिला. दिवाणखाना, दोन बेडरूम, स्वयंपाकघर, सगळ्या मापांसकट. ड्यूटीवरून आल्यावर तुम्ही खाली बसून तो बघितलात. बोटाने एकेका दारातून आत गेलात, बाहेर आलात. मग विचारलंत, "आणि स्वयंपाकघरातनं काय ऐकू येतं?" मी हसले. म्हटलं, "नाना, नकाशात आवाज काढत नाहीत." "मग काय उपेग?" तुम्ही म्हणालात. "भिंती काढल्यास, दारं काढलीस. घरातलं माणूस कुणाला ऐकू येतंय, तेच नाय." तुमच्या आवाजात राग नव्हता, पण मला ते झोंबलं, कारण कॉलेजातल्या मास्तरांनी मला त्या नकाशाबद्दल शाबासकी दिली होती. मी नकाशा गुंडाळला आणि म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही म्हणालात, "बरं."

तुम्ही गेलात ते भर दुपारी, फाटकाशी खुर्चीत बसल्या बसल्या. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. मला एवढंच आठवतं की घरी माणसं जमली होती आणि बोळातल्या स्टुलावर कुणीच बसत नव्हतं. गर्दी होती, बसायला जागा नव्हती, तरी ते स्टूल रिकामं राहिलं.

तर ही इमारत हाती आली, आणि मी ठरवलं की जगातल्या कुठल्याही वाजवणाऱ्याला 'बंद करा' म्हणून कुणी सांगू शकणार नाही असं घर बांधायचं. बाकी सगळं त्याच्या भोवती आलं. मूर्ती उन्हात ठेवली तर तडकते आणि कोंदट जागेत वाळत नाही, म्हणून मूर्तिकारांच्या कामाच्या जागेमागे मी लांब गॅलरी दिली. जमीन गुडघाभर उचललेली, खाली फटी, भिंतीला लाकडी पट्ट्या. सर म्हणाले, "ही आयडिया कुठून आणलीस?" मी म्हटलं, "विंचूरहून." विटा एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या राखेच्या वापरल्या. आई साइटवर आली तेव्हा एक वीट उचलून म्हणाली, "राखेनं भांडी घासतात. घरं बांधतात होय?" पण हात फिरवून बघितल्यावर म्हणाली, "गुळगुळीत आहे हो." दारं-खिडक्या पाडलेल्या घरांमधल्या, जुन्या बाजारातून निवडून आणल्या. गच्चीवरचं पाणी टाकीत, घरांचं सांडपाणी गाळून मधल्या चौकातल्या झाडांना. पेठच्या आजोबांनी चौकात एक पांगारा लावायला लावला, मुखवट्याला ते लाकूड हलकं लागतं म्हणून. "आमी ऱ्हाऊ न ऱ्हाऊ," ते म्हणाले, "लाकूड ऱ्हायल." ती सगळी वर्षं मी अर्धी जागेपणी, अर्धी स्वप्नात काढली. स्वप्नात इमारतीचा प्रत्येक जिना चढून गेलं की वर आपला बोळ लागायचा.

आणि चौकाच्या कडेला, सगळ्या घरांपासून लांब, तुमची खोली. दुहेरी भिंत, मध्ये काथ्या ठासून भरलेला, आतून गोणपाट, जाडजूड सागवानी दार. वारा खालून यायचा, पण वळणावळणाच्या नळीतून, म्हणजे हवा यावी आणि आवाज जाऊ नये. दार लावून मी आत जोरात ओरडून बघितलं होतं, बाहेर उभ्या असलेल्या मुकादमाला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. त्याने टाळ्या वाजवल्या, त्या मला ऐकू आल्या नाहीत. नकाशावर तिचं नाव 'सराव कक्ष' होतं. माझ्या वहीत 'नानांची खोली'.

लोक राहायला आले. गॅलरीत गणपती वाळायला लागले, पेंटरांनी एकमेकांच्या दारावर फुकट पाट्या रंगवल्या, पडदेवाल्या बाईंनी चौकात अख्खा राजवाडा वाळत घातला. तुमची खोली मात्र बंदच. तीन वर्षं. ढोलकीवाले जिन्यात बसून वाजवायचे. काका, तुमचे जोडीदार, आपल्या घराच्या मागच्या गॅलरीत, स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकून. मला राग यायचा. इतक्या मेहनतीने केलेली खोली, आणि या लोकांना तिची किंमत नाही! नाचता येईना अंगण वाकडं असं पुटपुटत मी एकदा काकांना गाठलं. ते ओशाळले. म्हणाले, "ताई, दोनदा गेलो होतो. खोली झ्याक आहे. पण तिथं सूर तोंडातून निघतो आणि जातो कुठं तेच कळत नाही. भिंत खाऊन टाकते. मेल्यावर वाजवल्यासारखं वाटतं हो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि इथं वाजवलं ना, की हिचं भाजीतलं मीठ चुकतं. ती ओरडते. मग मला बरं वाटतं."

मी घरी आले आणि तो पहिला नकाशा शोधला, सापडला नाही. पण तुमचं बोट कुठून कुठे फिरलं होतं ते सगळं आठवलं. तुम्ही मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी तुम्हाला 'नाही कळायचं' म्हणाले, आणि मग तुमच्याच नावाने अशी खोली बांधली जिथे तुम्ही कुणालाच ऐकू गेला नसतात.

त्यानंतरच्या रविवारी आईला तिथे घेऊन गेले. ती चौकात पांगाऱ्याच्या कट्ट्यावर बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा, एका मूर्तिकाराच्या बायकोसाठी आणलेले लाडू. वर काका वाजवत होते, भूप होता. आई इकडचं तिकडचं बोलत होती, तुमच्याबद्दल काहीच नाही. एवढ्यात वरचा सूर जरा उतरला, आणि आईचं बोट डब्यावर पडलं. ठक. तिचं तिलाही कळलं नाही. काकांना तर ते ऐकू जायचं कारणच नव्हतं, पण ते थांबले, आणि तोच सूर त्यांनी पुन्हा लावला, आता बरोबर. आई पुढे बोलत राहिली. मला तिथे रडू येत होतं आणि चौकात वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत मी ते आवरलं.

आता कालचं. इमारतीत जिन्याखाली एक तक्रारपेटी आहे, ती महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर उघडतात. संस्थेकडून मी जाते. नेहमी नळाच्या, कचऱ्याच्या तक्रारी असतात. काल एक वहीचा फाडलेला कागद निघाला. मी तो मोठ्याने वाचला. सकाळी वाजवणं बंद करावं, डोकं दुखतं. सही नाही. काका समोरच उभे होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "मी आपला तपोवनात जाऊन वाजवीन. झाडं आहेत, कुणाला त्रास नाही." आणि खरोखरच पेटी आणायला वळले. नाना, मी त्या माणसावर ओरडले. सगळ्यांसमोर. "काका, तुम्ही कुठंही जायचं नाही! खाली बसा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका बसले.

मग मी चोहीकडे बघितलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता, कुणी लिहिलं म्हणून. एकच मुलगी कुणाकडेच बघत नव्हती. त्याच मूर्तिकाराची धाकटी, यंदा दहावीला. तिचे कान लाल झाले होते आणि ती जमिनीवरच्या एका ओरखड्याकडे बघत होती. चोवीस घरांचा विचार केला मी, नाना. मूर्तीला वारा, लाकडाला सावली, रंगाला उजेड, वाजवणाऱ्याला भिंत. पण कलावंतांच्या घरात एक पोर असतं, त्याला कधीकधी नुसती शांतता हवी असते, आणि ते मागायला तोंड नसतं, कारण घरातल्या आवाजावरच घर चाललेलं असतं. हे मला कुणी सांगायला नको होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मी म्हटलं, "कागद कुणाचा ते मला जाणून घ्यायचं नाही." आणि तिला हाक मारली, "तू जरा माझ्याबरोबर ये, एक दार उघडायला जड आहे." तुमच्या खोलीचं दार आम्ही दोघींनी ढकललं. आत गेलो, दार लावलं. वर काकांना मी वाजवायला सांगून आले होते. काहीच ऐकू येत नव्हतं. आतला आवाज बाहेर जात नाही तर बाहेरचाही आत येत नाही, हे एवढं साधं, मुकादमाच्या टाळ्या ऐकू आल्या नव्हत्या तरी, मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. ती मधोमध उभी राहिली. "अय्या," ती म्हणाली, "किती शांत आहे." मग म्हणाली, "ताई, इथं टेबल मावेल ना?" चार मावतील, मी म्हटलं. किल्ली घेताना तिने हळूच विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "दार नीट लावत जा. पावसात फुगेल."

नाना, तो कागद मी लिहिला होता. शिंपीणकाकूंनी नाही. गणिताच्या वहीचं मागचं पान, डाव्या हाताने, पहाटे, तुम्ही उठायच्या आधी. बारावीच्या परीक्षेला महिना राहिला होता आणि मला वाटत होतं की तुमच्या त्या लांब लांब सुरांमुळे मी नापास होणार, आणि जन्मभर बँडवाल्याची पोर म्हणून राहणार. 'क्लॅरिनेट' लिहिलं असतं तर घरातल्याच कुणाचं तरी काम असं वाटलं असतं, म्हणून 'पिपाणी' लिहिलं. तो शब्द मी निवडून काढला होता. तुम्हाला तोच सगळ्यात जास्त लागला, ते मी बघत होते, आणि हातातलं पुस्तक मी खाली ठेवलं नाही.

हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, तुम्ही तीन-चार वर्षं तर समोरच होतात. आईलाही अजून सांगितलेलं नाही. ती आत्ता पलीकडच्या खोलीत आहे, पंख्याखाली पडलीय. शिंपीणकाकूंचं नाव निघालं की अजून तोंड फिरवते. हा तुम्हाला लिहितेय तो कागद तिच्यापुढे नेऊन ठेवावा असं दोनदा मनात आलं, दोनदा दारापर्यंत गेले. तो इथेच, या वहीत राहणार आहे, मला माहीत आहे. मी तशीच आहे नाना, अजून.

एकच सांगते आणि थांबते. तुम्ही पेटी सायकलला बांधून पहिल्यांदा गेलात त्या सकाळी मला हवी होती ती शांतता मिळाली. मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. आत आई पोळ्या लाटत होती. मधेच लाटणं थांबलं. ती बराच वेळ तशीच थांबली, कानोसा घेत. मग पुन्हा लाटायला लागली. मी त्या दिवशी एक पानसुद्धा वाचलं नाही.